एका बोटाला वीस पावलं

९ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला कोणाला काय म्हणायचं ते शाळेत शिकवलं होतं, पण तीर्थरूप आणि तीर्थस्वरूप यांत माझा तेव्हाही घोळ व्हायचा. तेव्हा साधा नमस्कार गोड मानून घ्या.

मी तुमच्या बहिणीची मुलगी. आपण आयुष्यात चार वेळा भेटलो आहोत. त्यातल्या दोन वेळा मी फ्रॉकमध्ये होते, आणि शेवटच्या वेळी, दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा, तुम्ही बाहेरच्या खुर्चीवर बसून होता आणि कुणाशी न बोलता निघून गेलात. परवा फोन केला, तर तुमचं "कोण? कोण?" याखेरीज मला काही ऐकू आलं नाही आणि तुम्हाला माझं तेवढंही नाही. मग तुमच्या खालच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाईंनी फोन घेतला नि म्हणाल्या, "पत्र लिही गं, पत्र ते चार-चारदा वाचतात."

तर काम असं. मी दिवसा एका दातांच्या डॉक्टरकडे बसते, लोकांना वेळा देते. संध्याकाळी घरी खेळ बनवते. चित्रं नाहीत, आवाज नाही, नुसत्या शब्दांचा खेळ. पडद्यावर चार ओळी येतात: तू एका गल्लीत उभी आहेस. खाली दोन पर्याय असतात: डावीकडे वळ, किंवा दार वाजव. खेळणारा एक निवडतो, की पुढच्या चार ओळी येतात. हे बनवायचं एक सॉफ्टवेअर आहे. त्यात एक मोठा कोरा कागद असतो. त्यावर चौकटी ठेवायच्या, चौकटीत मजकूर लिहायचा, आणि एका चौकटीतून दुसरीकडे बाण ओढायचा. बाकीचं ते बघून घेतं. कागद एकच असला तरी तो तुमच्याकडेही दिसेल आणि माझ्याकडेही. खेळणाऱ्याला मात्र कागद दिसत नाही, बाण दिसत नाहीत. त्याला फक्त शब्द दिसतात आणि तो चालत राहतो.

मला आईची गल्ली करायची आहे. आई सात वर्षांची असतानाची. ती सांगायची, पण अर्धंमुर्धं. भांडी घासताना सुरू करायची आणि नळ बंद केला की गोष्टही बंद. मामा, मला तिचा चेहरा आठवतो, पण आवाज पुसट होत चालला आहे आणि मला त्याची भीती वाटते. तिच्या गल्लीतून एकदा तिच्यासारखं चालता आलं तर बरं होईल. ती गल्ली आता तुमच्याखेरीज कुणालाच माहीत नाही.

शेवटची चौकट तेवढी मला पाठ आहे. आई लग्न करायला घर सोडून निघाली, घरातलं कुणी दाराबाहेर आलं नाही, आणि तुम्ही एकटे तिची पेटी उचलून बसच्या थांब्यापर्यंत गेलात. मला ताप आला की आई ही गोष्ट सांगायची. ती चौकट तुम्हीच लिहावी, असं मला फार वाटतं.

तुमची
भाची


१८ जानेवारी

चि. भाची,

मामाला अहो-जाहो करणारी भाची मी पहिल्यांदाच पाहिली. पुढच्या पत्रात "तुम्ही" दिसलं तर ते पत्र तसंच परत येईल.

मी अडतीस वर्षं मोजणी खात्यात नकाशे काढले. गोष्टी लिहिल्या नाहीत. आमच्या खात्यात गोष्टी लिहिणाऱ्याची चौकशी लागायची. पण गल्ली मला माहीत आहे, कारण मी अजून तिथेच राहतो. आता रंगाऱ्याच्या जागी मोबाइलचं दुकान आहे आणि घड्याळजीच्या जागी नुसतं बंद शटर. जुनी गल्ली बघायची तर डोळे मिटावे लागतात. ते मी एरवीही मिटतोच.

बाईंनी त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर तुझं सॉफ्टवेअर बसवून दिलं आणि शिकवलंही. त्यांना वाटलं होतं की मी घाबरेन. कोरा कागद आणि त्यावर चौकटी, यात घाबरायचं काय? माझे तर हात शिवशिवायला लागले. निवृत्त झाल्यापासून मला इतका मोठा कागद कुणी दिला नव्हता.

तुझ्या आईला मी ठकी म्हणायचो. खेळात कुणी हाक मारली तर ठकी अशीच मारेल.

शेवटच्या चौकटीचं शेवटी बघू.

मामा


२६ जानेवारी

मामा,

बघ, "तू" म्हटलं. आता हे पत्र परत पाठवायला कारण उरलं नाही.

ठकी! आईला कुणी ठकी म्हणायचं हे मला अडतिसाव्या वर्षी कळतंय. काल दिवसभर दवाखान्यात मनातल्या मनात हाक मारून बघत होते, आणि दर वेळी एक झिपरी मुलगी मागे वळून बघत होती.

तू सावकाश कर. तू सांगेपर्यंत मी कागद उघडून बघणार नाही. मला सगळं एकदम बघायचं आहे.

तुझी भाची


२२ फेब्रुवारी

चि. भाची,

एकतीस चौकटी झाल्या. आता बघ.

माझी पद्धत सांगतो. सकाळी खिडकीपाशी बसतो, डोळे मिटतो आणि जिना उतरतो. गल्लीतून चालतो. एखाद्या ठिकाणी पाय थबकला की डोळे उघडून ते ठिकाण कागदावर ठेवतो. कधी डोळे उघडल्यावर खरी गल्ली दिसते आणि क्षणभर कळत नाही की यातली कुठली खरी. बाई विचारतात, काही खाल्लंत का? मी म्हणतो, अजून रंगाऱ्यापर्यंतच पोचलोय.

मजकूर तुटपुंजा आहे, मला शब्द फुटत नाहीत. जिन्याचं असं लिहिलं आहे:

"सोळा पायऱ्या. सातवी कुरकुरते, म्हणून सहावीवरून थेट आठवीवर. खाली उन्हाचा एक तुकडा पडला आहे. त्यात पाय ठेवायचा की ओलांडून जायचं, ते तुझं तू ठरव."

घड्याळजीचं:

"भिंतीवर बावीस घड्याळं आणि बावीस वेगवेगळ्या वेळा. घड्याळजी भिंगातून डोळा काढत नाही. म्हणतो, ठके, आज तुला यातली कुठली वेळ हवी?"

रंगाऱ्याचं:

"दोरीवर ओलं कापड. निळ्याखालून गेलीस तर तुझे हात निळे, पिवळ्याखालून गेलीस तर पिवळे. मधून गेलीस तर रंगारी ओरडतो, पण खोटं खोटं."

लिहिण्यात चुका असतील, त्या तू सुधार. मांडणीत मात्र कसूर नाही. प्रत्येक चौकट डोळ्यांत तेल घालून जागच्या जागी ठेवली आहे.

थांब्याची चौकटही ठेवली आहे. अजून कोरी आहे.

मामा


२ मार्च

मामा, मामा, मामा,

तुला शब्द फुटत नाहीत? मग मला काय फुटतं? मी एकतीस चौकटी सलग चार वेळा खेळले. पहिल्या वेळी उन्हात पाय ठेवला, दुसऱ्या वेळी ओलांडून गेले, तिसऱ्या वेळी नुसती पायरीवर बसून राहिले. तू तोही पर्याय ठेवलास हे बघून मला हसू आलं आणि मग रडूही आलं. आई अशीच बसायची, जिथे बसायचं नसतं तिथे.

परवा स्वप्न पडलं. दवाखान्यात फोन वाजला, पलीकडून कुणी म्हणालं, कुठली वेळ हवी? मी म्हटलं, बाविसावी. आणि खिडकीबाहेर सगळीकडे ओलं कापड वाळत होतं.

तुझ्या चौकटी मात्र कागदभर सांडल्या होत्या. दोन इथे चिकटून, एक कुठल्या कुठे, बाण हातभर लांब. सॉफ्टवेअरमध्ये "नीट मांडा" असं बटण आहे. ते दाबलं आणि सगळ्याच्या सगळ्या चौकटी शाळेतल्या मुलांसारख्या रांगेत उभ्या राहिल्या. खेळणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही, पण आपल्याला काम करायला सोपं. तुझा तेवढाच त्रास वाचवला!

आता फक्त थांबा राहिला. लिही ना.

तुझी भाची


१० मार्च

चि. भाची,

कागद पाहिला.

चौकटी सांडलेल्या नव्हत्या. एका बोटाला वीस पावलं, असं प्रमाण धरून ठेवल्या होत्या. ते प्रमाण मी एका कोपऱ्यात लिहिलं होतं. तेही आता तुझ्या रांगेत सोळाव्या नंबरावर उभं आहे.

पावलं माझी नाहीत, ठकीची आहेत. मी अकरा वर्षांचा असताना मला मोजायचं वेड लागलं. फीत नव्हती. म्हणून एका सुट्टीत ठकी चालायची आणि मी मोजायचो. घरापासून घड्याळजी साठ. रंगारी एकशे दहा, पण वाटेत डबकं दिसलं तर एकशे तीस, कारण ती डबक्याला फेरी मारल्याशिवाय पुढे जायची नाही. दमली की म्हणायची, दादा, आता गल्ली संपव ना. तो कागद कधीच हरवला, पण आकडे राहिले. माझ्याकडे त्या ठकीचं तेवढंच आहे. लहानपणचा फोटोसुद्धा नाही.

खेळणाऱ्याला ते दिसत नाही, हे मला बाईंनी सांगितलं होतं. मला वाटलं, तुला दिसेल.

तुला माहीत नव्हतं. तुझी चूक नाही. पण सध्या मला त्या कागदाकडे बघवत नाही.

मामा


१७ मार्च

मामा,

तुझं पत्र दवाखान्यात उघडलं आणि त्या नादात एका माणसाला एकच दाढ काढायला दोन वेळा देऊन बसले. मी मूर्ख आहे. आठ वर्षं मी हे सॉफ्टवेअर वापरते आणि चौकटी कुठे ठेवल्या याला काही अर्थ असू शकतो, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आईची पावलं माझ्यासमोर पसरली होती आणि मी त्यांना रांगेत उभं केलं. मला माफ कर.

आता चांगली बातमी. सॉफ्टवेअर कागदाच्या जुन्या प्रती बाजूला ठेवत असतं. बटण दाबायच्या आदल्या दिवसाची प्रत सापडली. सगळं होतं तसं परत आलं आहे, प्रमाणसुद्धा त्याच्या कोपऱ्यात आहे. हे बघितल्यावरच माझा जीव भांड्यात पडला.

मग मी मोजत बसले. आधी माझ्या बोटाने मोजलं तर घड्याळजी ऐंशी पावलांवर निघाला. मग लक्षात आलं की तुझं बोट जाड आहे. तो हिशेब जुळवून घेतला आणि पडद्यावर बोट टेकवत घरापासून चालत निघाले. पन्नास, साठ, घड्याळजी. डबक्याशी फेरी मारली. मामा, मी पहिल्यांदा तिच्याबरोबर चालले. दमलेसुद्धा.

एक गोष्ट विचारायची आहे. थांब्याची कोरी चौकट खाली अगदी कोपऱ्यात आहे. मी बोटाने तिथपर्यंत गेले, कागद सरकवत सरकवत. जवळजवळ चार हजार पावलं भरली. आई तर म्हणायची की थांबा घराच्या खिडकीतून दिसायचा. चौकट चुकून सरकली असेल. जागेवर आणून ठेवू का?

तुझी भाची


२४ एप्रिल

मामा,

पाच आठवडे झाले. बाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, ते ठीक आहेत, जेवतात, फिरतात, पत्र समोर घेऊन बसतात. म्हणजे राग अजून आहे. असू दे.

थांब्याची चौकट लिहायचा तुला कंटाळा आला असेल तर मी लिहिते. आई सांगायची तसंच लिहीन, मला शब्द न् शब्द पाठ आहे. तू फक्त हो म्हण.

भाची


३० एप्रिल

चि. भाची,

राग नाही. चौकट चुकून सरकलेली नाही, मीच ती तिथे ठेवली. खरा थांबा एकशे चाळीस पावलांवर आहे आणि खिडकीतून दिसतो. दर वेळी चौकट त्या जागी ठेवायला गेलो की हात पुढेच जायचा. शेवटी जिथे कागद संपला तिथे ठेवली.

मी ठकीला सोडायला गेलो नव्हतो.

दुपार होती. बस साडेतीनची. वडिलांनी बजावलं होतं की कुणी बाहेर पडायचं नाही, आणि मग ते आतल्या खोलीत जाऊन झोपले. एकेचाळीस वर्षं मी त्यांचंच नाव पुढे करत आलो. पण दाराला कडीसुद्धा नव्हती. खरं असं की मी रुसलो होतो. ठकी प्रत्येक गोष्ट आधी मला सांगायची. दात पडला तरी तो मुठीत धरून आधी माझ्याकडे यायची. आणि ही एवढी मोठी गोष्ट मला चौथ्या नंबरावर कळली, वडील, आई आणि घड्याळजी यांच्यानंतर. मी सत्तावीस वर्षांचा घोडा, आणि टेबलाशी दाराकडे पाठ करून बसलो.

ती जिना उतरली. सातवी पायरी वाजली. ठकी ती पायरी कधीच वाजवायची नाही, पेटी हातात असली तरी. मला ऐकू जावं म्हणून तिने ती वाजवली. मी पेन्सिलीला टोक करत राहिलो. मग बसचा आवाज आला, मग गेला.

पुढे ती तुला घेऊन दोनदा आली, वर्षाला एक पत्र पाठवायची, मी उत्तर द्यायचो. सगळं हवापाण्याचं. हे कधी निघालं नाही. ती काढेल म्हणून मी वाट बघायचो, आणि ती बहुतेक माझी.

तुझ्या पहिल्याच पत्रात तिने काय सांगितलं ते वाचलं आणि मला तोंडात मारल्यासारखं झालं. तेव्हाच लिहायला हवं होतं. चार महिने तुला फसवलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे लिहून दिलं असतं तर तू खूश झाली असतीस. पण नसलेला रस्ता मी नकाशात कधी काढलेला नाही, आणि स्वतःच्या सोयीसाठी तर नाहीच.

खेळ बंद करायचा असेल तर कर. पत्र लिहायचं नसेल तर नको लिहूस. मला मात्र तुझ्या पत्रांची सवय लागली आहे, एवढं सांगून ठेवतो.

मामा


२१ मे

मामा,

तीन आठवडे लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते फाडावंच लागलं असतं.

आधी तुझा राग आला. एकशे चाळीस पावलं, मामा! दातांच्या भीतीने थरथरणारी म्हातारी माणसं त्याहून लांबून आमच्याकडे चालत येतात. मग आईचा राग आला. माझ्या कपाळावर हात ठेवून, माझ्या डोळ्यांत बघून ती इतकं खोटं बोलायची. मला ताप असायचा तेव्हा ती गोष्ट माझ्याभोवती पांघरुणासारखी असायची. आता वाटलं, तेही गेलं.

मग एका रविवारी नुसतीच पडून होते आणि ती गोष्ट आपोआप डोक्यात सुरू झाली, तिच्या आवाजात. तिच्या आवाजात, मामा. दोन वर्षं मला तो सापडत नव्हता.

तिला तुझ्याबद्दल वाईट बोलता आलं असतं. मी लहान होते, मान डोलावली असती. तसं तिने केलं नाही. माझ्या प्रत्येक तापात तिने तुला टेबलापासून उठवलं, जिना उतरवला आणि थांब्यापर्यंत नेलं.

खेळ बंद करत नाही. ती चौकट कोरी ठेवू या, नाहीतर काढून टाकू या. तू म्हणशील तसं.

तुझी भाची


२९ मे

चि. भाची,

काढू नकोस.

एक मागतो. ती नेमकं काय सांगायची? पहिल्या पत्रात तू दोन ओळी लिहिल्यास, मला सगळं हवं आहे. मी काय घातलं होतं? पेटी कुठल्या हातात होती? गल्लीत कोण भेटलं? मी काय बोललो? लाजू नकोस, आणि माझ्यासाठी काही बदलू नकोस.

नकाशात एक सोय असते. ठरलेला पण कधी न झालेला रस्ता तुटक रेषेने दाखवतात. तसा दाखवला की ते खोटं होत नाही. बघणाऱ्याला कळतं की इथून जायचं होतं.

तुझ्या सॉफ्टवेअरला तुटक बाण येतो का?

मामा


५ जून

मामा,

येतो. आठ वर्षांत मला कधी लागला नव्हता, शोधून काढला. बाणावर दोनदा दाबायचं, मग खाली तीन प्रकारच्या रेषा येतात.

आता गोष्ट. ती सांगायची तशीच.

तू पांढरा शर्ट घातला होतास, उजव्या बाहीवर शाईचा डाग. ती दोन पायऱ्या उतरली तोवर तू मागून आलास आणि तिच्या हातातून पेटी घेतलीस. ती म्हणाली, जड आहे रे. तू म्हणालास, तू त्याहून जड होतीस, तुला उचलून शाळेत नेलंय. पेटी डाव्या खांद्यावर घेतलीस. घड्याळजी भिंगासकट दारात आला आणि भिंग न काढताच बघत राहिला. रंगाऱ्याने दोरीवरचं कापड हाताने वर धरलं, म्हणजे तुम्हाला वाकावं लागू नये. कुत्रं होतं, ते थोडं अंतर आलं आणि परत गेलं.

थांब्यावर तुम्ही दोघं पेटीवर बसलात. मग तू विचारलंस, "मला आधी का नाही सांगितलंस?"

आणि आई म्हणाली, "तुला सांगितलं असतं, तर माझ्याच्याने निघवलं नसतं."

मला लहानपणी यातलं काही कळायचं नाही. मला वाटायचं, बस किती वाजता आहे ते तिने तुला आधी सांगितलं नाही, म्हणून तू विचारतोयस. तुझं एप्रिलचं पत्र वाचेपर्यंत मी तसंच समजत होते. तू कशासाठी रुसला होतास, ते तिला माहीत होतं, मामा.

मग बस आली. तू पेटी वर चढवलीस, आणि खाली उतरून रडलास. आई म्हणायची, "माझा भाऊ रस्त्यात उभा राहून रडला, आणि त्याला कोण बघतंय याची लाज वाटली नाही." इथे गोष्ट संपायची आणि ती माझा ताप बघायची.

मला जुलैत आठ दिवस सुट्टी आहे. येऊ का?

तुझी भाची


१४ जून

चि. भाची,

तुझं पत्र किती वेळा वाचलं ते मोजलं नाही.

थांब्याची चौकट लिहून झाली. सगळी तिच्याच शब्दांत आहे, मी एकही शब्द घातला नाही. चार हजारांवरून ती एकशे चाळीसवर आणून ठेवली. घरापासून तिथपर्यंतचा बाण तुटक केला. बाई शेजारी बसल्या होत्या, पण मलाच जमलं.

दोन ठिकाणी तपशील जुळत नाही. शर्ट निळा होता. आणि मी रडलो ते खरं आहे, पण थांब्यावर नाही, टेबलापाशी, बस गेल्यावर. दार बंद होतं आणि घरात कुणालाही कळलं नव्हतं. तिला कसं कळलं, ते मला सांगता येणार नाही. जागा तेवढी चुकली आहे, ती मी दुरुस्त केली नाही.

जुलैत ये. अजूनही एक बस साडेतीनला येते. घर बसच्या खिडकीतून हाकेच्या अंतरावर दिसेल, म्हणून तू आपली आपण चालत सुटशील, तर तसं करू नकोस. सामान खाली ठेव आणि थांब्यावरच उभी राहा. मी न्यायला येतो.

मामा